फुकटची वेबसाइट धंद्याला कुठवर पुरते? पाटी रंगवायच्या आधी एवढं तपासा

बारामती / इंदापूर (प्रतिनिधी) : डिसेंबर उजाडला की उजनीच्या फुगवट्यावर, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला रोहित पक्षी उतरायला लागतात आणि त्यांच्या मागोमाग लांब लांब कॅमेरे घेतलेले पुण्या-मुंबईचे पाहुणे. मार्चपर्यंत हीच काय ती कमाईची वेळ. नाववाले, खानावळवाले, घरातली एखादी खोली राहायला देणारे, सगळ्यांचं वर्ष या तीन-चार महिन्यांवर चालतं. आमच्या दाजींचंही तिकडं छोटं हॉटेल आहे. चिलापी, मरळ, भाकरी आणि वर दोन खोल्या.

काही वर्षांपूर्वी गावातल्याच एका पोरानं दाजींना फुकटात वेबसाइट करून दिली. तासाभराचं काम. फोटो टाकले, मोबाइल नंबर टाकला, दरपत्रक टाकलं. दाजी खूश. पेंटरला बोलावून हॉटेलच्या पाटीवर आणि भाच्याच्या पिकअपच्या मागं तो पत्ताही रंगवून घेतला. पत्ता एवढा लांब की पाटीवर दोन ओळीत तोडावा लागला, कारण शेवटी त्या वेबसाइट बनवणाऱ्या कंपनीचं नाव येत होतं.

पुढं दाजींनी नंबर बदलला. जुन्या सिमला रिचार्ज केला नाही, ते बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपन्या कमीत कमी ९० दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकतात हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. दाजींचा जुना नंबर गेला मराठवाड्यातल्या कुणा बाईंकडं. आता मुंबईचा पाहुणा वेबसाइट बघून फोन करायचा आणि त्या बाई म्हणायच्या, "माशाचं हॉटेल नाही ओ आमचं, किती वेळा सांगायचं!" वेबसाइटवरचा नंबर बदलायचा तर खातं उघडायला पाहिजे. खातं त्या पोराच्या ईमेलवर. पोरगं कामाला आखातात गेलेलं, तो ईमेल त्याच्या इथल्या नंबरला जोडलेला, आणि तो नंबरही बंद. कंपनीला लिहिलं, उत्तर इंग्रजीत आलं की खातेदारानं स्वतः लॉगिन करावं. त्या एका सीझनला दाजींच्या खोल्या बहुतेक शनिवार-रविवार रिकाम्या राहिल्या. शेजारचे हॉटेलवाले म्हणत होते, यंदा पाहुणे भरपूर आहेत.

हे सगळं सांगायचं कारण, बारामती आणि इंदापूर तालुक्यात आता रोपवाटिका, गूळ, डाळिंब-पेरूचे बागायतदार, कृषी पर्यटन, शिवणक्लास, मंडपवाले, सगळ्यांच्या कार्डावर वेबसाइट दिसायला लागली आहे. माळेगावच्या कृषी विज्ञान केंद्रात जानेवारीत कृषिक प्रदर्शन भरतं, तिथं स्टॉलवर फिरलं तर खिसा कार्डांनी भरतो. त्यातले पत्ते घरी येऊन मोबाइलवर उघडून बघा. काही उघडतात, काही उघडत नाहीत, काहींवर भलतीच जाहिरात नाचत असते. ऊसाला एआय लावणाऱ्या बारामतीचं नाव २०२५ च्या जानेवारीत थेट मायक्रोसॉफ्टच्या सत्या नाडेलांनी घेतलं. त्याच बारामतीत दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता मात्र अजून दुसऱ्याच्या बांधावर आहे.

गूगलनंच दिलं, गूगलनंच काढलं

फुकट वेबसाइटची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्याच देशात घडली. ४ जानेवारी २०१७ ला गूगलचे प्रमुख सुंदर पिचाई दिल्लीत आले होते. छोट्या धंदेवाल्यांसाठी 'डिजिटल अनलॉक्ड' नावाचा कार्यक्रम त्यांनी जाहीर केला आणि सोबत सांगितलं की भारतातल्या लहान व्यावसायिकांना मोबाइलवरूनच फुकट वेबसाइट बनवता येईल. त्याच वर्षी ती सोय सुरू झाली. गूगल मॅपवर ज्याचं दुकान नोंदलेलं, त्याला एक बटण दाबून एक पानाची वेबसाइट मिळायची. पत्त्याच्या शेवटी 'डॉट बिझनेस डॉट साइट' असायचं. लोकांनी मनापासून वापरली. फुकट, सोपी, वर गूगलची. गूगलची म्हणल्यावर ती कशाला बुडतीय, असंच वाटणार कुणालाही.

मार्च २०२४ मध्ये गूगलनं या सगळ्या वेबसाइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत जुना पत्ता टाकला की माणूस त्या दुकानाच्या गूगल मॅपवरच्या नोंदीकडं वळवला जायचा. त्यानंतर तेही थांबलं, पान सापडत नाही एवढंच दिसायला लागलं. कंपनीनं आधी कळवलं होतं, हेही खरं. पण कळवलं ईमेलनं. आपल्याकडं ईमेल उघडतो कोण? मोबाइल घेताना दुकानदारानं काढून दिलेला असतो, पासवर्ड त्यालाच माहीत.

यात गूगलनं काही बेकायदा केलं असं नाही. फुकट दिलेली सोय कधीही बंद करता येईल, हे अशा सगळ्या कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं, ज्या अटी आपण न वाचता 'मान्य' करतो. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. जिओसिटीज नावाची फुकट वेबसाइटची पेठ एकेकाळी जगभर गाजली होती. याहूनं ती १९९९ मध्ये विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केली. फ्रीनॉम नावाची कंपनी 'डॉट टीके', 'डॉट एमएल' असली नावं फुकट वाटायची. फसवणूक करणाऱ्यांनी त्यांचा एवढा सुळसुळाट केला की फेसबुकवाली मेटा कंपनी कोर्टात गेली. २०२३ च्या जानेवारीपासून नवी नावं देणं थांबलं आणि पुढच्या वर्षी कंपनीनं हा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. आपल्याकडची टिकटॉकची आठवण तर ताजीच आहे. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ अ‍ॅपवर बंदी घातली आणि गावोगावच्या पोरांनी जमवलेले लाखो फॉलोअर एका रात्रीत गेले. ते कारण वेगळं होतं, पण पाणी एकाच विहिरीचं.

खंडानं रान करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. खंडाच्या रानात तुम्ही ऊस लावाल, पेरू लावायला दहादा विचार कराल. बोअर तर मारणारच नाही. वेबसाइटच्या बाबतीत मात्र आपण दुसऱ्याच्या रानात बोअर मारतो आणि पाटीवर त्याचा गट नंबर रंगवतो.

फुकटात नेमकं काय मिळत नाही

पहिली अडचण पत्त्याची. विक्स, वर्डप्रेस डॉट कॉम किंवा अशा कुठल्याही कंपनीच्या फुकट प्लॅनमध्ये तुमच्या नावापुढं त्यांचं नाव जोडलेलं असतं. गिऱ्हाईकाला फोनवर हा पत्ता सांगून बघा. "डब्ल्यू, आय, एक्स... नाही ओ, एक्स, एक्स-रे मधला..." निम्मी माणसं तिथंच कंटाळतात. स्वतःचं नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात, ते या फुकट प्लॅनला जोडू देत नाहीत. ते पाहिजे तर पैसे भरा. कंपनीची कमाई तिथंच आहे, त्यामुळं त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही.

दुसरी जाहिरातीची. तुमच्या पानावर वरती किंवा खाली कंपनीची पट्टी असते, 'तुम्हीही फुकट वेबसाइट बनवा' अशी. काही कंपन्या बाहेरच्या जाहिरातीही दाखवतात आणि त्या कुठल्या हे ठरवणं तुमच्या हातात नसतं. दाजींच्या पानावर मी एकदा शाकाहारी डाएटची जाहिरात बघितली होती, मरळीच्या फोटोच्या डोक्यावर.

जागाही मर्यादित. विक्सच्या फुकट प्लॅनमध्ये ५०० एमबी मिळते. आताच्या मोबाइलचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो, म्हणजे सव्वाशे फोटोंत घागर भरली. फोटो लहान करून टाकले तर पुष्कळ बसतील, पण ते सांगतो कोण? आणि मोठे फोटो तसेच टाकले की पान उघडायला वेळ लागतो. आपल्याकडं बागेत रेंज कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे.

पैसे घेण्याची सोयही बहुतेक फुकट प्लॅनमध्ये नसते. फुकटात दुकान मांडून दाखवतात, पण गिऱ्हाईकाकडून ऑनलाइन पैसे घ्यायचे म्हणलं की प्लॅन विकत घ्या म्हणतात. आपल्याला यूपीआय असल्यामुळं याचा फार त्रास होत नाही. क्यूआर कोड पाठवला की झालं. पण ऑर्डर कुणाची, पैसे कुणाचे आले, माल कुठं पाठवायचा, हा हिशोब वहीतच ठेवावा लागतो. दिवसाला पाच-दहा पेट्यांपर्यंत वही पुरते. पुढं गोंधळ सुरू होतो.

मराठीची गंमत वेगळीच. आपल्या तालुक्यातल्या डीटीपीवाल्याकडं पत्रकं बहुतेक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात. त्यातला मजकूर उचलून वेबसाइटवर टाकला की नुसती किडामुंगी दिसते. मग पोरं काय करतात, अख्ख्या पत्रकाचा फोटोच वेबसाइटवर चिकटवतात. दिसायला छान दिसतं, पण फोटोतली अक्षरं गूगलच्या शोधात नीट पकडली जातात असं धरून चालू नका. 'इंदापूर पेरू रोपे' असं कुणी शोधलं तर तुमचं पान वर येण्याची आशा कमीच. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइलवर व्हॉट्सअ‍ॅपला टाइप करतो तसाच टाइप करून टाकला पाहिजे. ही अडचण फुकट आणि विकतच्या दोन्हीला आहे, पण फुकटातली कामं घाईतली असतात म्हणून तिथं जास्त दिसते.

आणि सगळ्यात वाईट अडचण सामान हलवण्याची. दोन-तीन वर्षं मेहनत करून पानं भरली, आता दुसरीकडं न्यायची म्हणलं तर? विक्सवर बनवलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या कंपनीच्या जागेत ठेवता येत नाही. पैसे भरलेले असले तरी नाही. नव्यानं बांधायची. वर्डप्रेस डॉट कॉम आणि गूगलचं ब्लॉगर यातून लिहिलेला मजकूर फाइल करून उतरवून घेता येतो. सुरुवात कुठं करायची हे ठरवताना बाकी काही नाही विचारलं तरी चालेल, पण 'उद्या इथून बाहेर कसं पडायचं' हे विचारा.

विश्वासाचा प्रश्न

फसवणूक करणाऱ्यांनाही फुकटच आवडतं. खोटी बँक, खोटी कर्ज योजना, ट्रॅक्टरची खोटी सबसिडी, यांची पानं फुकट पत्त्यांवर बनवून व्हॉट्सअ‍ॅपला फिरवतात. त्यामुळं शहाणं गिऱ्हाईक आता लांबलचक पत्ता बघून बिचकतं. तुमचा माल खरा असला तरी पत्ता त्या चोरांच्या गल्लीतला.

पत्त्यावरून ओळख पटते हे रिझर्व्ह बँकेनंही मानलं आहे. तिनं सगळ्या बँकांना, नागरी सहकारी आणि जिल्हा बँकांसकट, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायला सांगितलं. हा पत्ता बँकेशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नाही. तुमच्या बँकेच्या वेबसाइटचं नाव मध्यंतरी का बदललं याचं उत्तर हे आहे.

मग करायचं काय

मी फुकटच्या विरोधात नाही. ज्याला फक्त दुकान कुठं आहे, कधी उघडतं आणि फोन नंबर काय एवढंच सांगायचं आहे, त्याला गूगल मॅपवरची नोंद पुरते. वेबसाइट गेली तरी ती नोंद चालू आहे आणि फुकट आहे. "गूगलमधून बोलतोय, तुमचं दुकान व्हेरिफाय करायला पाच हजार भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. गूगल या नोंदीचे किंवा व्हेरिफिकेशनचे पैसे घेत नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० ला फोन करा, लगेच करा.

माल दाखवायला व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग चांगला आहे. नव्वद टक्के गिऱ्हाईक तालुक्यातलंच असेल तर त्यांना वेबसाइटची गरजच काय, असं माझंही मत आहे. पण तेही दुसऱ्याचंच रान, हे विसरू नका. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर सहा तासांच्या आसपास बंद पडलं होतं, त्या रात्री किती जणांनी फोन आपटून बघितले असतील! गिऱ्हाईकांचे नंबर एका वहीत किंवा एक्सेलमध्ये वेगळे लिहून ठेवा.

ज्याचं गिऱ्हाईक बाहेरचं आहे, म्हणजे कृषी पर्यटन, रोपवाटिका, बाहेरगावी माल पाठवणारे, त्यांनी एक खर्च मात्र करावा. स्वतःचं डोमेन घ्यावं. 'डॉट इन'चं नाव वर्षाला साधारण ५०० ते १००० रुपयांत मिळतं, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी फार स्वस्त दाखवतात, पण दुसऱ्या वर्षाचा दर किती ते आधी बघा, फसगत तिथं होते. 'डॉट भारत' असं देवनागरीतलं नावही ऑगस्ट २०१४ पासून मिळतं. मात्र गिऱ्हाईकाच्या मोबाइलला मराठी कीबोर्ड पाहिजे, म्हणून एकटं तेच घेऊन भागत नाही.

आता ज्याची फारशी कुणी माहिती देत नाही ते सांगतो. ब्लॉगर आणि गूगल साइट्स या दोन फुकट सोयींना स्वतःचं डोमेन जोडता येतं, त्यासाठी गूगल वेगळे पैसे घेत नाही. म्हणजे नाव तुमचं, जागा फुकट. दिसायला साधी वेबसाइट होते, ऑनलाइन दुकान होत नाही, पण चार पानं, फोटो, नकाशा, फोन नंबर एवढं मजेत बसतं. आणि उद्या गूगलनं हेही बंद केलं तर नाव तुमच्याकडंच राहतं, ते दुसऱ्या जागेकडं वळवता येतं. पाटी पुन्हा रंगवावी लागत नाही. फुकट जागा गेल्याचं दुःख होतं, पण पत्ता जात नाही.

यात एकच मोठी मेख आहे, ती म्हणजे नाव कुणाच्या खात्यावर घेतलं. वेबसाइट करून देणारा बऱ्याचदा डोमेन स्वतःच्याच खात्यातून घेतो. काम चांगलं चालू असतं तोवर कुणाला काही वाटत नाही. भांडण झालं किंवा तो गाव सोडून गेला की कळतं, पैसे आपले आणि सातबारा त्याचा. म्हणून धंद्यासाठी एक वेगळा ईमेल काढा, त्याचा पासवर्ड घरातल्या दोन माणसांना माहीत असू द्या, ओटीपी येणारा नंबर घरातला आणि चालू असू द्या. डोमेन त्याच ईमेलवर घ्या, बिल स्वतःच्या नावानं मागा. तो ईमेल महिन्यातून एकदा तरी उघडा. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला लागलं आहे. आणि डोमेनची मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर, सोसायटीच्या कर्जाच्या तारखेशेजारीच लिहून ठेवा. मुदत गेल्यावर थोडे दिवस सवलत मिळते, नंतर ते नाव कुणीही घेऊ शकतं.

करून देणाऱ्या पोरांचा मात्र राग करू नका. बहुतेक जण चांगल्या मनानं, चहावर काम करून देतात. आमच्या दाजींच्या त्या पोरालाही दोष नव्हता. ते सुट्टीवर आलं तेव्हा दाजींनीच त्याला मरळ खाऊ घातली आणि त्यानं बसल्या बसल्या जुनं सिम पुन्हा चालू होतंय का ते बघितलं. झालं नाही. जुनी वेबसाइट अजूनही इंटरनेटवर आहे, जुन्या नंबरासकट. त्या मराठवाड्यातल्या बाईंना दाजींनी स्वतः फोन करून नवा नंबर दिला आहे, आता त्या पाहुण्यांना तोच सांगतात. गेल्या दिवाळीत त्यांना इंदापूरच्या डाळिंबांची एक पेटीही गेली.

नवं डोमेन दाजींनी स्वतःच्या ईमेलवर घेतलं, पासवर्ड ताईच्या वहीत आहे. पाटी पुन्हा रंगवली. पेंटरनं यावेळी पत्ता एका ओळीत बसवला आणि उरलेल्या जागेत एक रोहित पक्षी काढला, त्याचे दीडशे रुपये जास्त घेतले.